पस्तीस मिनिटांचा तास आणि ‘कोहा’: शाळेच्या ग्रंथालयाच्या टेबलावरून एक परीक्षण

शिक्षक-ग्रंथपाल हे पद कागदावर भारदस्त दिसतं. प्रत्यक्षात तो मराठीचे किंवा इतिहासाचे तास घेऊन उरलेल्या वेळात कपाटांच्या किल्ल्या सांभाळतो. दाखल नोंद, वर्गीकरण, लेबलं, देवघेव, फाटलेल्या पुस्तकांची डागडुजी आणि एप्रिलातली पडताळणी हे सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर असतं, आणि तेही त्या दिवशी वेळापत्रकात बदली तास पडला नाही तर. ‘कोहा’ ही संगणकावरची ग्रंथालय-प्रणाली अशा टेबलावर कितपत चालते, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती चालते हे पुन्हा सांगायची गरज नाही. तिथं एकेका कामाला एकेक टेबल असतं.

मोजपट्टी एकच ठेवली आहे, लायब्ररीचा तास. ३५ मिनिटं आणि ५० मुलं. त्यातली ५ मिनिटं रांगेनं यायला आणि बसायला जातात, म्हणजे हातात राहतात १,८०० सेकंद. कागदी देवघेव वहीत एका मुलाचं जुनं पुस्तक जमा करून नवं द्यायचं तर तारीख, नाव, दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, सही असं सगळं धरून मिनिटभर सहज जातं. ५० मुलांना ५० मिनिटं. म्हणूनच बहुतेक शाळांत वही मॉनिटरकडे जाते, किंवा पुस्तकं निम्म्याच वर्गाला मिळतात, किंवा लायब्ररीचा तास हळूच गणिताला दिला जातो. बारकोडवर तेच काम १५ सेकंदांत होतं: परतीला ५, नव्या नोंदीला १०. ५० मुलांचे साडेबारा मिनिटं. राहिलेली १७ मिनिटं हाच या प्रणालीचा खरा नफा. बाकीची वैशिष्ट्यं शाळेपुरती दुय्यम समजावीत.

थोडी ओळख. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी कातिपो कम्युनिकेशन्सनं ही प्रणाली लिहिली. ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल पार करणार नव्हती. ३ जानेवारी २००० ला कोहा चालू झाली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. ती मुक्त स्रोत आहे, परवान्याला पैसे पडत नाहीत आणि दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये, नवी आवृत्ती येते. शाळेनं मात्र प्रत्येक आवृत्तीमागं धावू नये. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या सुट्टीत अद्ययावत करावं, आणि जूनमध्ये शाळा भरण्याआधी दोन दिवस चालवून बघावं.

फुकट म्हणजे बिनखर्चाची नव्हे. कोहा विंडोजवर थेट चालत नाही. तिला डेबियन किंवा उबुंटू लागतं. एक संगणक तिच्यासाठी राखून ठेवावा: ८ जीबी रॅम (४ वर चालते, पण कुंथत), एसएसडी डिस्क, ६०० व्हीएचा यूपीएस. देवघेवीच्या टेबलावरचा संगणक मग कुठलाही चालतो, कारण तिथं फक्त ब्राउझर लागतो. दोन्ही संगणक एका साध्या राउटरला जोडले की इंटरनेट गेलं तरी काम थांबत नाही. यूएसबी स्कॅनर दीड ते तीन हजारांत येतो आणि संगणकाला तो कीबोर्डच वाटतो. क्रमांक वाचतो आणि शेवटी एंटर मारतो. स्कॅनर घेताना हा एंटर चालू आहे ना, ते दुकानातच साध्या मजकूर-फाइलमध्ये दोन बारकोड वाचून पाहावं. दुसरा आकडा खालच्या ओळीत गेला पाहिजे.

यूपीएसवर कंजूषी करू नये. वळवाच्या पावसात वीज झटक्यात जाते, आणि तेव्हा माहितीसाठा सहसा शाबूत राहतो पण शोधासाठीची अनुक्रमणिका बिघडते. दुसऱ्या दिवशी कुठलंही नाव टाका, ‘काही सापडलं नाही’. घाबरून सगळं पुन्हा बसवायला बोलावण्याची गरज नसते. कोहातल्या झेब्रा या शोधयंत्राची अनुक्रमणिका पूर्ण नव्यानं बांधायची एक आज्ञा आहे. पाच हजार नोंदींना काही मिनिटं लागतात. ती आज्ञा कागदावर लिहून संगणकाच्या बाजूला चिकटवून ठेवावी.

बसवल्यावर पहिल्याच पडद्यांवर कोहा पाच गोष्टी विचारते: ग्रंथालय, वाचक-प्रकार, पहिला प्रशासक, साहित्य-प्रकार आणि देवघेवीचा नियम. इथं हौस आवरावी. वाचक-प्रकार तीन पुरेत: विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी. पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी यांना वेगळे नियम हवे असतील तरच चार. साहित्य-प्रकारही तीनच: देवघेवीचं पुस्तक, संदर्भ, पुस्तकपेढी. कथा, कविता, विज्ञान असे साहित्य-प्रकार करणारे पुढं पस्तावतात, कारण नियमांचा तक्ता वाचक-प्रकार गुणिले साहित्य-प्रकार असा वाढतो आणि कुठल्या तरी घरात आकडा राहून जातो. मग ऐन तासात पडद्यावर ‘देता येत नाही’ झळकतं आणि मुलगा पुस्तक धरून उभा. विषय दाखवायचा तर त्यासाठी संग्रह-संकेत हे वेगळं खातं आहे, ते वापरावं.

नियमात विद्यार्थ्याला १ पुस्तक ७ दिवस ठेवण्याची सवय आहे, कारण तास आठवड्यातून एकदा. ८ दिवस ठेवावेत. तास बुधवारी असेल आणि बुधवारीच मुदत संपत असेल तर त्या दिवशी गैरहजर राहिलेलं प्रत्येक मूल दुसऱ्या दिवशी थकबाकीत दिसतं. दंड शून्य. दंडाचे आठ आणे वसूल करण्यात जाणारा वेळ पुस्तकाच्या किमतीपेक्षा महाग पडतो, आणि दंडाला भ्यालेलं मूल पुस्तक परत आणण्याऐवजी लायब्ररीतच यायचं बंद होतं.

दिनदर्शिका जूनमध्येच भरून टाकावी. गणपती, दसरा, दिवाळी या सुट्ट्या घातल्या आणि मुदत सुट्टीच्या दिवशी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी ढकलायची असं ठरवून दिलं की प्रणाली ते आपोआप करते. अडचण येते ती कोल्हापूरच्या पावसाची. पंचगंगेचं पाणी चढलं की सुट्टी आदल्या रात्री जाहीर होते, आणि आधीच दिलेल्या पुस्तकांच्या मुदती नवी सुट्टी घातल्यानं बदलत नाहीत, कारण मुदत पुस्तक देतानाच ठरलेली असते. त्यासाठी ‘एकगठ्ठा मुदतवाढ’ नावाचं साधन आहे. अमुक तारखेला संपणाऱ्या सगळ्या मुदती तमुक तारखेला न्या, इतकंच सांगायचं. फार थोडे लोक हे वापरतात. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या शाळेला याहून उपयोगी बटण त्या पडद्यावर नाही.

आता खरं दुखणं: नोंदी भरणं.

एका पुस्तकाची नीट नोंद करायला, पुस्तक कपाटातून काढून परत ठेवण्यासकट, ३ मिनिटं धरा. ५,००० पुस्तकांना २५० तास. रोज एक तास मिळाला तरी शाळेचं एक पूर्ण वर्ष पुरत नाही, आणि रोज एक तास कुणालाच मिळत नाही. त्यामुळे दाखल क्रमांक १ पासून सुरुवात करणं ही सर्वांत महागडी चूक. पहिल्या चार कपाटांत पन्नास वर्षांपूर्वीची, कुणी न उघडलेली पुस्तकं असतात आणि उत्साह तिथंच संपतो. आधी मुलं नेतात ती हजार-बाराशे पुस्तकं भरावीत. बाकीच्यांपैकी एखादं कुणी मागितलंच तर ‘झटपट नोंद’ आहे: नाव, लेखक, बारकोड टाकून मिनिटभरात पुस्तक देता येतं, सविस्तर नोंद मागाहून. या रीतीनं पुस्तकं हळूहळू गरजेच्या क्रमानंच आत येतात.

नोंदी एकेक करून थेट कोहात भरण्याऐवजी एक्सेलमध्ये भरून एकदम चढवाव्यात. त्यासाठी मार्कएडिट हे फुकट साधन लागतं. ते तक्त्याचं रूपांतर ‘मार्क’मध्ये, म्हणजे ग्रंथालय-नोंदींच्या ठरीव साच्यात करतं. स्तंभ किमान एवढे (कंसात मार्कमधला क्षेत्र-क्रमांक): आयएसबीएन (०२०), वर्गांक (०८२), लेखक (१००), पुस्तकाचं नाव (२४५), प्रकाशन (२६०), पानं (३००) आणि प्रतीची माहिती (९५२). या ९५२ मध्येच खरी मेख आहे. त्यातलं ‘पी’ उपक्षेत्र म्हणजे बारकोड, ‘ओ’ म्हणजे बोधांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक), ‘वाय’ साहित्य-प्रकार, ‘डी’ दाखल तारीख, ‘जी’ किंमत, आणि ‘ए’ व ‘बी’ म्हणजे ग्रंथालयाचा संकेत. हा संकेत एका अक्षरानं चुकला किंवा बारकोड दुबार झाला तर पुस्तकाची नोंद येते, प्रत येत नाही. शोधल्यावर पुस्तक दिसतं, द्यायला गेलं की नाही. म्हणून आधी वीस पुस्तकांचा गठ्ठा चढवावा, प्रत्येकी एक प्रत दिसते का पाहावं, आणि मगच पुढं जावं. चुकलेला गठ्ठा एका क्लिकनं मागं घेता येतो, ही सोय खरोखर चांगली आहे.

एक्सेल दोन खोड्या करतं. ०००४५२ असा दाखल क्रमांक लिहिला की पुढची शून्यं गिळतं, म्हणून तो स्तंभ आधीच ‘मजकूर’ करून ठेवावा. आणि साध्या सीएसव्हीत जतन केलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते. जतन करताना यूटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार निवडावा लागतो.

त्याहून मोठी खोड आपली आहे. शाळेत आधी कुणीतरी पुस्तकांची यादी टंकलेली असते आणि ती श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये असते. हे फॉन्ट पडद्यावर मराठी दाखवतात, आत मात्र रोमन अक्षरांची खिचडी असते. तशी यादी कोहात टाकली तर अगम्य मजकूर दिसतो. रूपांतरकानं युनिकोडमध्ये आणता येते, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं तपासावीच लागतात. हजार ओळींची तपासणी दोन दिवस खाते. तरी नव्यानं टंकण्यापेक्षा बरं.

युनिकोडमध्येही एकाच शब्दाची दोन रूपं बसतात. ‘ॲ’ हे अक्षर एकसंध येतं, ‘अ’ला चंद्र जोडूनही येतं, आणि कुणी ‘ऍ’ टंकतं. डोळ्याला जवळपास सारखं, यंत्राला तीन वेगळी अक्षरं. ‘वाऱ्या’तला अर्धा र दोन पद्धतींनी टंकला जातो, त्यातल्या एकीत न दिसणारं जोडचिन्ह असतं. दोन शिक्षकांनी दोन कीबोर्डांवर नोंदी केल्या की एकाची पुस्तकं दुसऱ्याला सापडत नाहीत. उपाय एकच: सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, इन्स्क्रिप्ट असेल तर इन्स्क्रिप्टच, आणि चढवण्याआधी एक्सेलमध्ये ‘शोधा-बदला’ करून ही अक्षरं एकसारखी करायची. आकडे मात्र सगळे इंग्रजी. स्कॅनर इंग्रजी आकडेच देतो आणि ‘४५२’ असं मराठी कीबोर्डवर टंकून काही सापडत नाही.

झेब्राची मूळ मांडणीही लॅटिन लिपी गृहीत धरते. देवनागरीसाठी आयसीयू या युनिकोड समजणाऱ्या पद्धतीचं निर्देशांकन चालू करून अनुक्रमणिका पुन्हा बांधावी लागते. हे बसवणाऱ्याकडूनच, पैसे देण्याआधी, करून घ्यावं. कसोटी सोपी आहे. जोडाक्षर आणि मात्रा असलेल्या नावातला मधला शब्द टाकायचा, सापडला तर ठीक. कोहाचा मराठी अनुवाद पूर्ण नाही, त्यामुळे पडद्यावर मराठी-इंग्रजीची सरमिसळ दिसते. मुलांना शोधपडदा द्यायचा असेल तर सातवीपुढं द्यावा. त्याआधीच्या मुलांना कपाटाशी नेणंच लवकर होतं.

बाहेरून नोंदी उतरवून घेण्याची सोय इंग्रजी पुस्तकांपुरती उत्तम आहे. झेड ३९.५० या, ग्रंथालयांनी एकमेकांच्या नोंदी शोधायच्या ठरीव मार्गानं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची नोंद अर्ध्या मिनिटात येते. मराठी पुस्तकांच्या नोंदी तिथं मिळाल्या तरी बहुतेक रोमन लिप्यंतरात असतात आणि त्या देवनागरीत करण्यापेक्षा नव्यानं लिहिणं सोपं.

कोल्हापुरातल्या जुन्या शाळांना आणखी एक विशेष काम पडतं. या गावाला ग्रंथालयाची जुनी सवय आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, आणि सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदा कोल्हापूर संस्थानानंच १९४५ मध्ये केला. त्यामुळे जुन्या शाळांच्या कपाटांत देणगीतून आलेली संस्थानकाळातली पुस्तकं निघतात. आयएसबीएनचा प्रश्नच नाही, आणि सालाच्या जागी शके. कोहाला चार आकडी इसवी सन हवं, नाहीतर वर्षानुसार लावलेल्या यादीत पुस्तक भलतीकडे जातं. शकात ७८ मिळवायचे: शके १८६७ म्हणजे १९४५. पुस्तक पौष ते फाल्गुनात छापल्याचं दिलं असेल तर ७९. मूळ शक टिपेत ठेवावा. असली पुस्तकं देवघेवीत मुळीच टाकू नयेत. संदर्भ म्हणून वेगळ्या कपाटात, आडवी, कडुलिंबाचा पाला आणि नियमित झाडलोट. बारकोड पुस्तकावर न डकवता आत ठेवलेल्या पट्टीवर.

वर्गीकरणाबद्दल. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर येतं: कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, निबंध ८९१.४६४. शाळेत याचा परिणाम असा की संग्रहाचा मोठा भाग एकट्या ८९१.४६३ वर येऊन साचतो, आणि तो क्रमांक मुलाला काही सांगत नाही. दशांशानंतर तीन आकड्यांपुढं जाऊ नये. त्याऐवजी पुस्तकाच्या कण्यावर रंगीत पट्टी: भूतकथा एक रंग, साहसकथा दुसरा. उलट काही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून कपाटावर लावण्याजोगे. खासबाग मैदानाच्या गावात ७९६.८१२, म्हणजे कुस्ती, आणि पेठापेठांतून फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना ७९६.३३४. हे दोन क्रमांक मुलं न शिकवता पाठ करतात. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२.

लेबलांवर कोहाचं साधन सोईचं आहे, पण त्यात देवनागरी टाकू नये. जोडाक्षरं विस्कटून छापली जातात. कण्यावर वर्गांक आणि बारकोडाखाली दाखल क्रमांक, एवढे आकडे पुरतात. लेखकाची आद्याक्षरं हवीच असतील तर तीच यादी सीएसव्हीत बाहेर काढून लिब्रेऑफिसमधून छापावी. ए-४ कागदावर ६५ लेबलं (सुमारे ३८ × २१ मिमी) येतात. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून १०० टक्के आकार ठेवावा. नाहीतर पहिली ओळ बरोबर येते आणि तेरावी निम्मी खालच्या लेबलावर सरकते. आधी साध्या कागदावर छापून लेबलांच्या पानावर उजेडात धरून जुळतं का पाहणं हे दहा रुपयांचं पान वाचवतं. बारकोडची मूळ ठेवण कोड ३९ या प्रकारची असते. त्यात सहा आकडे ३८ मिमीत नीट बसतात, दहा आकडे बसत नाहीत. लेझर छपाईच हवी. इंकजेटची शाई पावसाळी दमटपणात पसरते आणि जुलैत स्कॅनर गप्प होतो.

लेबल कुठं लावायचं यावर एकमत नाही. पुस्तक उघडून आतलं लेबल वाचायला तीन सेकंद जास्त लागतात, ५० मुलांच्या परतीला आणि देण्याला मिळून ५ मिनिटं. म्हणून बाहेर, मलपृष्ठावर वरच्या कोपऱ्यात, कडेपासून दोन सेंटिमीटर आत. मुलं नखानं टोकरतात, त्यावर साधी चिकटपट्टी लावली तर वर्षात पिवळी पडून कडेनं चिकट सुटते, पुस्तकं एकमेकांना धरतात. पॉलिस्टरची पारदर्शक पट्टी महाग आहे, पण टिकते. त्याच क्रमांकाचं दुसरं लेबल मुखपृष्ठामागच्या पानावर. बाहेरचं गेलं तरी पुस्तक अनाथ होत नाही.

मुलांची नोंद करताना हजेरी क्रमांक वापरणं ही दुसरी महागडी चूक. तो दर जूनमध्ये बदलतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक शाळा सोडेपर्यंत तोच राहतो, तोच घ्यावा, पण आधी ९ लावून सात आकडी करावा: ९००४५२१. कारण मुलाचा आणि पुस्तकाचा क्रमांक एकाच साच्यातला असला तर घाईत मुलाचं कार्ड पुस्तकाच्या चौकटीत वाचलं जातं आणि भलतंच पुस्तक त्याच्या नावावर चढतं. नावावरून शोधायच्या भानगडीत पडू नये. ‘पाटील’ टाकलं की पडदा भरून पाटील येतात, त्यात तीन श्रेयस.

कार्डं मुलांच्या हातात देऊ नयेत. पहिल्या महिन्यात निम्मी घरी, दुसऱ्यात धुण्यात. प्रत्येक तुकडीचा एक लॅमिनेट केलेला तक्ता करावा: हजेरी क्रमांक, नाव, बारकोड. मूल नाव सांगतं, तक्त्यावरून त्याचा बारकोड वाचायचा, मग पुस्तकाचा. बारकोडांमध्ये बोटभर अंतर ठेवावं, नाहीतर स्कॅनर शेजारचा उचलतो.

तासाची वेळ आणखी वाचवायची असेल तर परतीचं काम तासातून काढूनच टाकावं. मधल्या सुट्टीत मॉनिटरनं तुकडीचं नाव लिहिलेल्या क्रेटमध्ये पुस्तकं आणून ठेवायची. ऑफ तासात एकट्यानं ती सलग वाचायची, चार मिनिटांचं काम. परतीच्या पडद्यावर ‘पेटीतली परत’ असा एक पर्याय आहे, तो लावला की परत आल्याची तारीख आदल्या कामाच्या दिवसाची धरली जाते आणि मूल विनाकारण उशिरात जात नाही. मग लायब्ररीच्या तासाला फक्त देणं उरतं, ८ ते १० मिनिटं. उरलेल्या वीस-बावीस मिनिटांत वाचून दाखवणं, अनुक्रमणिका आणि सूची कशी वापरायची ते शिकवणं, शब्दकोशात शब्द शोधायला लावणं. यात कोहा काही मदत करत नाही, तसा दावाही करत नाही.

एक अहवाल तेवढा दर महिन्याला काढावा: वर्षभरात एकदाही न गेलेली पुस्तकं. त्यातली दहा निवडून टेबलावर मुखपृष्ठ दिसेल अशी उभी ठेवायची. तरीही हलली नाहीत तर ती कपाटात अडकलेली जागा आहे. निर्लेखन करताना नोंद पुसू नये. ‘काढून टाकलं’ हा शेरा लावावा. क्रमांक पुसला की कागदी दाखल नोंदवहीशी मेळ तुटतो, आणि ती नोंदवही, कोहा असो वा नसो, हातानं लिहिणं बंद करू नये. तपासणीला पडद्यावरची यादी पुरत नाही.

पुस्तकपेढीसाठी ‘एकगठ्ठा देवाण’ चालू करून घ्यावी. एका मुलाचा आठ पाठ्यपुस्तकांचा संच एका झपाट्यात त्याच्या नावावर जातो. एक्सेलमधून आलेल्या नोंदींत मात्र एकाच पुस्तकाच्या ४० प्रती म्हणजे ४० वेगळी पुस्तकं होऊन बसतात. पाठ्यपुस्तकं एक्सेलमधून न चढवता एकच नोंद करून ‘अनेक प्रती जोडा’ वापरावं. बारकोड एकेकानं आपोआप वाढत जातो.

एप्रिलातली पडताळणी हा कोहाचा सर्वांत मोठा विजय. लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन कपाटापाशी जायचं, एका साध्या मजकूर-फाइलीत बारकोड वाचत सुटायचं, फाइल चढवली की न दिसलेल्या पुस्तकांची यादी हातात. दोन माणसं तासाला तीन-चारशे पुस्तकं करतात. दहावीचे दाखले देण्याआधी ज्यांच्याकडे पुस्तक बाकी आहे त्यांची यादी वर्गशिक्षकांकडे द्यावी. नंतर वाचक एकगठ्ठा काढताना पुस्तक बाकी असलेल्यांना कोहा मुळातच हात लावत नाही.

राखीव प्रतीचं, म्हणजे माहितीसाठ्याच्या बॅकअपचं, सांगायला हवं. कोहा रोज आपली प्रत काढते, पण मूळ मांडणीत दोनच दिवसांच्या प्रती ठेवते, आणि त्याही त्याच संगणकावर. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या गावात संगणक तळमजल्यावर आणि प्रत त्याच डिस्कवर, म्हणजे प्रत नाहीच. दर शुक्रवारी पेनड्राइव्हवर एक प्रत, ती शाळेबाहेर. दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून. आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये.

पर्याय कोणते? केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक-संस्थेची ई-ग्रंथालय ही प्रणाली शासकीय ग्रंथालयांसाठी आहे, आणि ज्या शाळेला ती मिळते तिनं आधी तिचा विचार करावा, कारण सर्व्हर सांभाळावा लागत नाही. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या संस्थेची सोल ही प्रणाली महाविद्यालयांना डोळ्यासमोर ठेवून बनली आहे. दीड हजारांहून कमी पुस्तकं आणि तीनशेहून कमी मुलं असतील तर यातलं काहीच घेऊ नये. पुस्तकाच्या खिशातलं कार्ड आणि तुकडीवार पेटी ही जुनी पद्धत तिथं आजही कोहाइतकीच चपळ आहे, आणि तिला यूपीएस लागत नाही. हजाराच्या वर पट आणि चार-पाच हजार पुस्तकं असलेल्या शाळेनं कोहा जरूर घ्यावी. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण लेबलातल्या देवनागरीनं घालवला, एक गुण या गृहीतकानं की ग्रंथालयात सर्व्हर सांभाळणारा वेगळा माणूस असतो.

तो नसतो, आणि शिक्षक-ग्रंथपालाची बदली होते किंवा त्याचा कार्यभार बदलतो. म्हणून पहिल्याच दिवशी एक लिफाफा करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. त्यात सर्व्हरचा आणि कोहाचा असे दोन्ही परवलीचे शब्द, सर्व्हरचा पत्ता, अनुक्रमणिका पुन्हा बांधायची आज्ञा, प्रत काढण्याची आणि परत बसवण्याची रीत, बसवणाऱ्याचा फोन, बारकोडचा साचा (पुस्तक सहा आकडी, मूल ९ पासून सात आकडी), शेवटचा वापरलेला दाखल क्रमांक आणि कोणत्या कपाटापर्यंतची पुस्तकं भरून झाली ते. शेवटच्या दोन ओळी दर सत्राला बदलायच्या, तारीख घालून, पेन्सिलीनं.